सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकीं पुष्कळजण परळ, लालबाग, दादर या बाजूंनीं रोज शाळेस येतात. ज्या जुन्या चाळींवरून तुमची वाट जाते, त्यांतील एका चाळींत, म्हणजे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळींत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत असत, हें तुम्हांस ठाऊक असेल. परंतु त्या घराचा कर्ता पुरुष प्रारंभीं कोण होता, व तो परळांत कोठून आला, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. पुत्राची कीर्ति मोठी झाली कीं पिता तिच्या छायेंत झाकून जातो. सुभेदार रामजी सकपाळ यांचें तसेंच झालें आहे. त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे, पण तें बहुधा एका वाक्यापुरतें. म्हणून यंदाच्या अंकांत त्यांचें चरित्र थोड्या विस्तारानें सांगावें असें योजिलें आहे. साधा शिपाई म्हणून पलटणींत शिरलेला मनुष्य अंमलदार कसा झाला, आणि त्या अंमलदारीचा पलटणीबाहेर त्यास कितपत उपयोग झाला, हा या चरित्राचा मुख्य भाग आहे.

प्रथम लष्करी दर्जांविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत, नाहींतर पुढील हकीकतीचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं. त्या काळच्या हिंदी पलटणींत शिपाई, नाईक व हवालदार हे खालचे दर्जे होत. त्यांच्या वर जमादार, सुभेदार व सर्वांत शेवटीं सुभेदार-मेजर. जमादारापासून पुढच्या लोकांस सनद मिळे व ते अंमलदार गणले जात. हिंदी शिपाई त्यांस सलाम करीत. परंतु हे अंमलदार हिंदी लोकांपुरतेच. ज्याचे केस पलटणींत पांढरे झाले अशा सुभेदार-मेजराचें स्थानसुद्धां विलायतेहून नुकत्याच आलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटाच्या खालीं असे. बादशाही सनद हिंदी माणसास प्रथम मिळाली ती १९१७ सालीं, आणि देहरादून येथें लष्करी अधिकाऱ्यांचें विद्यालय निघालें तें १९३२ सालीं. आज शिपाई म्हणून भरती झालेला हुशार तरुण परीक्षा देऊन देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजांत जाऊं शकतो व तेथून पूर्ण दर्जाचा अधिकारी होऊन बाहेर पडतो. रामजींच्या वेळीं सुभेदारी हाच हिंदी शिपायाच्या उत्कर्षाचा माथा होता.

रामजींचें मूळ गांव आंबडवें. हें रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांत डोंगराच्या कुशींत आहे. घराणें महार जातीचें. त्यांचे वडील मालोजी सकपाळ हे कंपनी सरकारच्या मुंबई फौजेंत होते व हवालदार होऊन ते निवृत्त झाले. त्या काळीं मुंबई फौजेंत महार शिपायांचा भरणा मोठा होता. १८१८ सालच्या १ जानेवारीस भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें जी लढाई झाली तिच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत शेवटीं नाक हें पद असलेलीं बावीस नांवें आहेत, तीं महार वीरांचीं. ज्या माणसास गांवच्या विहिरीवर घागर बुडविण्याची मनाई, त्याच्या हातीं सरकार बंदूक देत असे, हा विरोध कोणाच्याहि ध्यानांत येण्यासारखा आहे. कोंकणांतील दरिद्री वस्त्यांतून पोरगे पलटणींत जात ते केवळ पगारासाठीं जात नसत. तेथें अंगावर पोशाख चढे, नांवापुढें हुद्दा लागे, आणि आणखी एक गोष्ट मिळे. तीच माझ्या मतें सर्वांत मोठी होती.

ती गोष्ट म्हणजे शाळा. पलटणींतील लोकांच्या मुलांनीं शिकलेंच पाहिजे असा त्या काळीं लष्करांत नियम होता, आणि तो मुलगे व मुली या दोघांसहि लागू असे. बाहेरच्या गांवांत महाराच्या मुलास शाळेच्या ओट्यावरहि उभें राहूं देत नसत, त्या वेळीं छावणीच्या कुंपणाआंत त्याच्या हातांत पाटी-पेन्सिल दिली जात होती. रामजी हे हवालदाराचे पुत्र. शिपाईगिरी त्यांनीं वडिलांच्या पाठोपाठ पत्करली, परंतु त्यांचा ओढा कवायतीपेक्षां पुस्तकाकडे अधिक होता. पुणें येथें लष्करी शिक्षक तयार करणारी नॉर्मल शाळा होती. तेथें त्यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें व ते लष्करी शाळेंत शिक्षक झाले. पुढें सुमारें चौदा वर्षें त्यांनीं मुख्याध्यापकाचें काम केलें. मराठी तर त्यांची उत्तम होतीच, पण इंग्रजीहि त्यांनीं अशी कमावली होती कीं व्याकरण व भाषांतर हे विषय ते हौसेनें शिकवीत.

येथें एक शिक्षक या नात्यानें मला थांबावेंसें वाटतें. सुभेदार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तलवार, मिशा आणि छातीवरील पदकें येतात. रामजी मात्र शिपायाचे अंमलदार झाले ते खडूफळ्याच्या मार्गानें. रणांगणावरील पराक्रमाची कथा त्यांच्या चरित्रांत मला सांगतां येत नाहीं, आणि ती नसल्याबद्दल मला खेदहि वाटत नाहीं. शिपायांच्या मुलांस बेरीज-वजाबाकी शिकवीत शिकवीत ते सुभेदाराच्या हुद्द्यास पोहोंचले.

त्यांचा विवाह मुरबाडच्या एका लष्करी घराण्यांतील भीमाबाई यांच्याशीं झाला. मुरबाड हें ठाणें जिल्ह्यांत आहे. सासरे सुभेदार-मेजर होते, म्हणजे सासरचें घर मानानें व पैशानें रामजींच्या घरापेक्षां वरचढ. जांवई मात्र तेव्हां सामान्य स्थितींतला. पुढें रामजींनीं स्वतःच्या कष्टानें ही उणीव भरून काढली. या दांपत्यास चौदा अपत्यें झालीं. त्यांतील पुष्कळ लहानपणींच गेलीं. बाळाराम, आनंदराव हे दोन पुत्र व मंजुळा, तुळसा या कन्या मोठेपणापर्यंत जगल्या, आणि चौदावें अपत्य म्हणजे भीमराव. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं मध्य हिंदुस्थानांतील महू येथील छावणींत झाला. रामजी त्या वेळीं तेथील लष्करी शाळेवर होते.

घर कबीरपंथी होतें. मद्य नाहीं, मांस नाहीं. पहांटे उठणें, व संध्याकाळीं दिवा लागल्यावर सर्व मुलांनीं भजनास बसणें, हा नियम असे. त्यांत कोणाची सुटका नव्हती. संतांचे अभंग व कबीराचे दोहे मुलांच्या तोंडीं बसले होते, आणि रामायण-महाभारताचें वाचन मोठ्यानें होत असे. जोतीराव फुले यांच्याविषयीं रामजींस मोठा आदर होता. ज्या संतानें माणसांत जात पाहिली नाहीं त्याचा पंथ रामजींनीं धरला, तो केवळ रूढि म्हणून नव्हे असें त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसतें.

आतां जो प्रसंग सांगावयाचा आहे तो रामजींच्या सेवेच्या अखेरीचा. १८५७ च्या बंडानंतर सरकारच्या मनांत लढवय्ये व बिनलढवय्ये अशी जातींची वांटणी हळूहळू रुजत गेली. सर फ्रेडरिक रॉबर्ट्स हे १८८५ पासून १८९३ पर्यंत हिंदुस्थानच्या फौजेचे मुख्य सेनापति होते. त्यांचा कल उत्तरेकडील लोकांकडे होता. पंजाबांतील शीख व मुसलमान आणि नेपाळांतील गुरखे हेच खरे शिपाई, दक्षिणेकडचे लोक नव्हेत, असें मत बळावलें. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्याचा हुकूम निघाला. ज्यांचे बाप-आजे कोरेगांवांत पडले त्यांच्या मुलांस भरतीच्या दारावरून परत पाठविण्यांत येऊं लागलें.

या हुकुमाचा अर्थ काय होतो हें रामजींसारख्या शिक्षकास तत्काळ कळलें असलें पाहिजे. तो केवळ नोकरीचा प्रश्न नव्हता. शिपाई नाहीं तर शिपायाचीं मुलें नाहींत, आणि मुलें नाहींत तर शाळा नाहीं. ज्या एका जिन्यानें मालोजी हवालदार झाले व रामजी सुभेदार झाले, तो जिनाच काढून घेण्यांत आला होता. रामजी स्वतः वर पोहोंचले होते. त्यांची पेन्शन ठरलेली होती. गप्प बसते तर त्यांस कोणी नांव ठेवलें नसतें. पण ते गप्प बसले नाहींत. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें साहाय्य घेऊन त्यांनीं या हुकुमाविरुद्ध सरकारकडे अर्ज करविला. त्याच सुमारास दापोलीस राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनींहि पेन्शनर शिपायांच्या वतीनें असाच अर्ज तयार केला. सरकारनें दाद घेतली नाहीं. पहिल्या महायुद्धांत माणसांची चणचण भासली तेव्हां १९१७ सालीं महारांची एक पलटण उभारली, आणि गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडूनहि टाकली. पुढें १९४१ सालीं बेळगांव येथें महार रेजिमेंट उभी राहिली, ती मात्र कायमची. तिच्या उभारणीसाठीं ज्यांनीं खटपट केली त्यांत सुभेदार रामजींचे चिरंजीव प्रमुख होते. पण हें सर्व रामजींच्या डोळ्यांआड झालें.

१८९४ सालीं रामजी निवृत्त झाले. प्रथम ते कोंकणांत दापोलीस येऊन राहिले. दापोली ही मूळची लष्कराची छावणी. काप दापोली हें तिचें नांव जुन्या लोकांच्या तोंडीं अजून आहे, त्यांतील काप म्हणजे कॅम्पच. तेथें पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती असे. परंतु वाढत्या कुटुंबास केवळ पेन्शन पुरण्यासारखी नव्हती. म्हणून रामजींनीं नोकरी शोधली व सार्वजनिक बांधकाम खात्यांत कोठाराची देखरेख करण्याची जागा धरून ते सातारा येथें आले. सातारा हेंहि पेन्शनरांचें गांव. तेथें थोड्याच दिवसांत भीमाबाई वारल्या. भीमराव त्या वेळीं पांच-सहा वर्षांचे होते. रामजींची बहीण मीराबाई पाठीनें अधू होत्या, त्यांनीं मुलांचा सांभाळ केला. पुढें रामजींनीं दुसरा विवाह केला, तो धाकट्या मुलाच्या मनास बरेच दिवस लागून राहिला.

छावणीचें कुंपण ओलांडल्यावर सुभेदारी किती उरते, याचा हिशेब या कुटुंबास साताऱ्यांत मिळाला. १९०० सालच्या ७ नोव्हेंबरास भीमरावांचें नांव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत इंग्रजी पहिलींत दाखल झालें. हा दिवस आतां महाराष्ट्रांत विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. वडील सरकारचे अंमलदार होते, नियमानें पेन्शन घेत होते, मुलगा स्वच्छ कपडे घालून शाळेंत येत होता. तरी वर्गांत त्यानें घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर एका कोपऱ्यांत बसावयाचें, आणि तहान लागली तर शिपायानें नळ सोडल्याशिवाय पाणी प्यावयाचें नाहीं. शिपाई नसला तर पाणी नाहीं. लक्षांत घ्या, हा शाळेचा शिपाई, पलटणींतला नव्हे. सुभेदाराचा मुलगा एका पट्टेवाल्याच्या कृपेवर तहान भागवीत असे.

दुसरी हकीकत १९०१ सालची. त्या वर्षीं सातारा जिल्ह्यांत दुष्काळ होता. खटाव तालुक्यांत दुष्काळग्रस्तांस काम मिळावें म्हणून सरकार एक तलाव बांधीत होतें. रामजी त्या कामावर खजिनदार होते, आणि मुलें साताऱ्यास आत्याजवळ. सुट्टींत मुलांनीं आपणांकडे यावें असें वडिलांनीं कळविलें. मुलांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकांठी धोतरें अशा थाटांत भीमराव, त्यांचे वडील बंधु व मोठ्या बहिणीचे मुलगे आगगाडीनें निघाले व मसूर स्टेशनावर उतरले. स्टेशनावर त्यांस न्यावयास कोणी आलें नव्हतें. स्टेशनमास्तरांनीं कपड्यांवरून त्यांस वरच्या जातीचीं मुलें समजून प्रथम गोड बोलून चौकशी केली; पण जात कळतांच ते पांच पावलें मागें सरले. कोणी गाडीवान त्यांस गाडींत घेईना. शेवटीं दुप्पट भाडें ठरलें, आणि तेंहि या अटीवर कीं मुलांनीं गाडी स्वतः हांकावी व गाडीवानानें बाजूनें चालावें. रात्र झाली. जवळ खाण्याचे पदार्थ होते, पण पाणी कोठेंच मिळेना. भरल्या डब्यासह मुलें उपाशीं निजलीं. दुसरे दिवशीं तीं कशीबशीं मुक्कामास पोहोंचलीं, तेव्हां वडील चकित झाले. येण्याची तारीख कळविणारें पत्र त्यांच्या नोकरानें त्यांस दिलेंच नव्हतें.

बाबासाहेबांनीं ही हकीकत पुढें स्वतः लिहून ठेविली आहे, म्हणून ती आपणांस इतक्या बारकाव्यानें माहीत आहे. ती वाचतांना सर्वांचें लक्ष त्या मुलांकडे जातें, आणि तें योग्यच आहे. पण त्या दिवशीं बापाच्या मनांत काय आलें असेल? मुलांच्या अंगावरील ते सुंदर कपडे त्याच्या कमाईचे होते. जन्मभर कष्ट करून जो दर्जा मिळविला तो मुलांस घोटभर पाणी मिळवून देऊं शकला नाहीं. यावर रामजींनीं कोणाशीं भांडण मांडल्याचें आढळत नाहीं. त्यांनीं दुसरा उद्योग आरंभिला. जें छावणीबाहेर निघतांना कोणी हिसकावून घेऊं शकलें नव्हतें, म्हणजे स्वतःची विद्या, तीच त्यांनीं मुलास भरभरून द्यावयाचें ठरविलें.

मुलगा मात्र त्या वेळीं फारसा अभ्यासू नव्हता, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण थोरांच्या चरित्रांत त्यांचें बाळपण नेहमीं निर्दोष दाखवितात व त्यामुळें आमच्या विद्यार्थ्यांचा उगाच धीर खचतो. बागकाम, गुरें राखणें, असे नाना छंद भीमरावांस होते. साताऱ्याचीं पुष्कळ मुलें मुंबईस गिरण्यांत कामास जात, तसें आपणहि पळून जावें असा बेत त्यांनीं केला. भाड्यासाठीं आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी लांबविण्याचा प्रयत्न तीन रात्रीं फसला, चौथ्या रात्रीं साधला, आणि पिशवींत निघाला अवघा अर्धा आणा. त्या लाजेनें त्यांचें मन पालटलें, व गिरणीचा बेत सोडून त्यांनीं पुस्तक हातीं धरलें. लालबागच्या एखाद्या गिरणींत एक कामगार कमी झाला, इतकेंच.

१९०४ च्या सुमारास रामजी कुटुंबासह मुंबईस आले व लोअर परळ येथें डबक चाळींत राहूं लागले. सभोंवार गिरण्या, पहांटेच्या भोंग्यानें सारी वस्ती जागी होई. सुभेदारांचें बिऱ्हाड एका खोलींत. तेंच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा, तेथेंच अभ्यास. चुलीचा धूर, घरचें सामानसुमान, एका बाजूस जातें, पायथ्याशीं बांधलेली शेळी. अशा जागेंत मुलाचा अभ्यास व्हावा कसा? रामजींनीं त्यावर पलटणींतल्या पहाऱ्याचा उपाय काढला. मुलास ते संध्याकाळीं लौकर निजवीत व स्वतः जागत बसत. रात्रीं दोन वाजतां त्यास उठवीत, मग आपण आडवे होत. चाळ निजलेली, भोंगा व्हावयास अवकाश, अशा वेळीं तो मुलगा मिणमिणत्या दिव्यापाशीं वाचीत बसे. ज्या पालकांस जागा अपुरी असल्याची तक्रार करावी लागते, आणि आमच्या शाळेंत असे पालक थोडे नाहींत, त्यांस हा वृत्तांत मी मुद्दाम सांगत असतों.

हॉवर्डसाहेबांचीं इंग्रजी पुस्तकें व तर्खडकरांची भाषांतरमाला, हीं रामजींनीं मुलाकडून पाठ करून घेतलीं. मराठी शब्दास नेमका इंग्रजी शब्द कोणता, व तो वाक्यांत कोठें बसतो, याविषयीं ते फार काटेकोर असत. लष्करी शाळेंत चौदा वर्षें जें शेंकडों मुलांस शिकविलें तें आतां एकासाठीं वेंचलें जात होतें. भीमराव प्रथम मराठा हायस्कुलांत व नंतर एल्फिन्स्टन हायस्कुलांत जाऊं लागले. संस्कृत शिकावें अशी त्यांची इच्छा होती, पण महाराच्या मुलास संस्कृत शिकविण्यास शिक्षक तयार होईनात, म्हणून फारशी घ्यावी लागली. वर्गांत शिकविणारा मी. हें वाक्य लिहितांना लेखणी जरा अडखळते.

दोन मुलांचा खर्च पेलेना. तेव्हां रामजींनीं वडील मुलगा आनंदराव यास शाळेंतून काढून नोकरीस लाविलें व धाकट्यास शिकूं दिलें. हा निर्णय सोपा नव्हता, आणि तो न्याय्य होता कीं नाहीं याविषयीं मतभेद होऊं शकेल. बाबासाहेबांच्या चरित्रांत आनंदरावांच्या या त्यागाचा उल्लेख एका ओळींत होतो. तो अधिक व्हावा असें मला वाटतें.

पुस्तकांचें वेड मुलास असें लागलें कीं शाळेच्या पुस्तकांवर त्याचें भागेना. आधीं क्रमिक पुस्तकें नीट कर, मग इतर वाच, अशी बापाची शिकवण असे. पण मुलानें नवें पुस्तक मागितलें आणि बापानें दिलें नाहीं, असें झालें नाहीं. हातीं पैसा नसे. मग सुभेदार घराबाहेर पडत. त्यांच्या दोन्हीं विवाहित कन्या मुंबईंतच राहत. धाकटीकडे जाऊन उसने पैसे मागावे. तिच्याजवळ नसले तर थोरलीकडे जावें. तिच्याजवळहि नसले तर तिचा एखादा दागिना घ्यावा, तो मारवाड्याकडे गहाण ठेवावा, पैसे घेऊन पुस्तक आणावें, व पेन्शन मिळाली कीं दागिना सोडवून लेकीस परत द्यावा. आपल्या लोकांत लेकीकडे कांहीं मागणें हें बापास किती जड जातें हें पालकांस सांगावयास नको. ज्या माणसास पलटणीनें सलाम केला तो माणूस पुस्तकासाठीं लेकींच्या दाराशीं उभा राहिला, आणि त्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं.

१९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले. साडेसातशांपैकीं दोनशें ब्यायशीं गुण मिळाले. आजच्या आमच्या विद्यार्थ्यांस हे गुण थोडे वाटतील. त्या वेळीं मात्र अस्पृश्य गणलेल्या समाजांत ही गोष्ट इतकी अपूर्व होती कीं अभिनंदनासाठीं सभा भरली. सीताराम केशव बोले हे अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धाचें चरित्र त्या मुलास भेट दिलें. केळूसकर हे गिरगांवांतील विल्सन हायस्कुलांत शिक्षक. चर्नी रोडच्या बागेंत संध्याकाळीं पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांनीं पूर्वींच हेरून ठेविला होता, व ते त्यास वाचावयास पुस्तकें देत असत. एका मिशन शाळेच्या शिक्षकानें शाळेबाहेरच्या मुलावर टाकलेली ही नजर पुढें फार उपयोगीं पडली. कारण एल्फिन्स्टन कॉलेजांत कांहीं काळ शिकल्यावर रामजींची पुंजी संपली, तेव्हां केळूसकरांनींच खटपट करून बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. डबक चाळ सोडून कुटुंब परळच्या ट्रस्टच्या चाळींत आलें. तेथें दोन खोल्या मिळाल्या, व त्यांतील एक अभ्यासासाठीं राहिली. १९१२ सालीं भीमराव बी. ए. ची परीक्षा उतरले.

महाराजांच्या शिष्यवृत्तीचें ऋण होतें. भीमरावांनीं बडोदें संस्थानांत नोकरी धरण्याचें ठरविलें. रामजींस हें रुचलें नाहीं. परक्या गांवीं मुलाची काय अवस्था होईल याची त्यांस भीति वाटत होती. साताऱ्याच्या आठवणी ते विसरले नसावेत. परंतु मुलगा गेला, आणि १९१३ च्या जानेवारींत बडोदें संस्थानच्या फौजेंत त्याची लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली. ही नेमणूक महाराजांची, बादशाही सनदेची नव्हे. तरी हुद्दा तोच, ज्याच्यापुढें मालोजी हवालदारांनीं व रामजी सुभेदारांनीं जन्मभर सलाम केला होता. आजा हवालदार, बाप सुभेदार, नातू लेफ्टनंट. तीन पिढ्या लागल्या, आणि तिसऱ्या पिढीस तो हुद्दा मिळाला तो बंदुकीमुळें नव्हे, परळच्या दिव्यापाशीं केलेल्या अभ्यासामुळें.

बडोद्यास जाऊन जेमतेम पंधरा दिवस झाले असतील नसतील, तोंच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव तत्काळ मुंबईस निघाले. वाटेंत सुरत स्टेशनावर वडिलांसाठीं मिठाई घ्यावी म्हणून ते उतरले, तेवढ्यांत गाडी सुटली. दुसऱ्या गाडीसाठीं त्यांस थांबावें लागलें व घरीं पोहोंचावयास एक दिवस उशीर झाला. परळच्या त्या खोलींत नातलग भोंवतीं बसले होते. सुभेदारांचे डोळे दाराकडे लागले होते. मुलगा जवळ येऊन बसला तेव्हां त्यांनीं आपला थकलेला हात त्याच्या पाठीवरून फिरविला. त्यानंतर थोड्याच वेळांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजीं, त्यांनीं देह ठेवला.